आवडाक्काचा पहिला तोडा

फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते विचारू नका. ज्यांनी मोजली असती ते सगळे मातीला मिळाले. तेव्हा पाणदऱ्याला सडक नव्हती. घाटाखालून वर यायला एक पायवाट होती आणि पावसाळ्यात तिचाच ओढा व्हायचा. पण परडी होती. प्रत्येक घराच्या मागं परडं, म्हणजे परसातला जमिनीचा एक तुकडा, आणि त्यात घरच्या बाईचं राज्य. मोरीचं पाणी जाईल तिथं अळू, अळवाच्या पुढं केळ, कुडावर दोडका, छपरावर भोपळा, कोपऱ्यात शेवगा आणि पेरू. शेतातलं धान्य पुरुषांचं. त्याची वाटणी, त्याचा सारा, त्याची भांडणं सगळी त्यांची. परड्यातलं मात्र बाईचं. तिनं लावायचं, तिनं तोडायचं, आणि तिच्या मनाला येईल त्याला तिनं द्यायचं.

या देण्याला वानवळा म्हणतात. पोरांनो, हा शब्द नीट ऐकून ठेवा, कारण पुढं सगळी आग या एका शब्दावरून लागली. वेलीला पहिली फळं आली की घरात शिजवायच्या आधी ती कुणाच्या तरी दारात नेऊन द्यायची. बहिणीला, शेजारणीला, नाहीतर जिच्याशी अबोला मोडायचाय तिला. कुणी मागायचं नाही, कुणी आठवण करून द्यायची नाही. मागितला तर तो वानवळा कसला?

आता गावाच्या वरच्या अंगाला टेकाडावर इनामदारांची गढी होती. असं म्हणतात, की एकदा थोरल्या इनामदारांची बायको आजारी पडली. तिच्या तोंडाची चवच गेली. तेव्हा गावातल्या बायकांनी मायेनं आपापल्या परड्यातलं कोवळं कोवळं काढून तिला पाठवलं. ती बरी झाली. चांगलंच झालं. पण पुढच्या साली गढीवरून माणूस आला, रिकामी पाटी घेऊन. म्हणाला, "गेल्या साली दिलं होतंत, औंदाबी द्या." बायकांनी दिलं. त्याच्या पुढच्या साली तो "द्या" म्हणाला नाही, "काढा" म्हणाला. आणि थोरल्या इनामदारांचा नातू जिवाजीराव गादीवर बसला तोवर पहिला तोडा, म्हणजे वेलीझाडांची पहिली तोडणी, गढीचा, हा कायदाच होऊन गेला होता. मायेनं दिलेल्या गोष्टीचा असा कायदा झाला, की समजावं, आता कुणीतरी मरणार आहे.

जिवाजीरावाचा एक शिपाई होता, धोंडजी. त्याच्या हातात चुन्याची डबी असायची. तो सकाळी गावात शिरायचा, कुणाच्याही परड्यात विचारल्याशिवाय जायचा, पानं वर करून बघायचा, आणि कोवळं फळ दिसलं की त्यावर बोटानं चुन्याचा ठिपका लावायचा. ठिपक्याचं फळ गढीचं. मग ते पाखरानं टोचलं, माकडानं नेलं, उन्हानं करपलं, तरी गुन्हा घरवाल्याचा. एकदा गुरवाच्या सुनेनं ठिपक्याचा दोडका चुकून तोडला. गढीच्या माणसांनी तिचा मांडव पाडला, वेल मुळासकट उपटला आणि दारातली दुभती म्हैस सोडून नेली. त्या दिवसापासून पाणदऱ्याच्या बायका आपल्याच परड्यात चोरासारख्या वावरायला लागल्या.

याच गावात आवडाक्का होती.

नाव आवडा, पण ती फारशी कुणाला आवडायची नाही. उंच, हाडकुळी, कपाळावर कायमच्या आठ्या. नवरा लवकर गेला होता आणि तोही तिच्या तोंडाला कंटाळून गेला, असं लोक मागून म्हणायचे. कोंबडी वाफ्यात शिरली तर ती कोंबडीला, कोंबडीच्या मालकिणीला आणि मालकिणीच्या माहेरालाही सोडायची नाही. वेल चढेना तर वेलाला बोलायची, पाऊस येईना तर आभाळाला बोलायची. पण तिच्या हाताखालचं परडं असं होतं, की येणारा-जाणारा कुडाशी थांबायचा. पडवळं तिच्याकडं जमिनीला टेकायची. घेवड्याला पानांपेक्षा शेंगा जास्त असायच्या.

तिचा मुलगा शिदू गढीवर घोड्यांची राखण करायचा. आणि घरात सून होती, मंजुळा. अबोल, नाजूक, घाटाखालच्या गावातून आलेली. आवडाक्का तिलाही बोलायची, पण बोलता बोलता तिच्या ताटात वाढायची. "खा की गं. काडी झालीयास नुसती. लोक म्हणतील, सासू उपाशी मारती." मंजुळेला त्या बोलण्यातली माया कळायची. ती खाली मान घालून हसायची आणि खायची.

धोंडजी आला की आवडाक्काचा आवाज वरच्या आळीपर्यंत जायचा. "आला का रं मेल्या? तुझ्या डबीत किडं पडतील!" ती ओरडायची, आणि मग तोडून द्यायची. दर साली ओरडायची, आणि दर साली द्यायची. तिचा राग सगळा तोंडातनंच वाहून जायचा. हे गावाला माहीत होतं, धोंडजीला माहीत होतं, आणि तिलाही माहीत होतं. म्हणून ती आणखीच चिडायची.

एका साली पाऊस आला आणि लगेच परत फिरला. शेतं सुकली. परड्यांत जे काय जगलं ते मोरीच्या पाण्यावर, भांडी घासल्याच्या पाण्यावर. त्या साली पावसाआधीच मंजुळेला दिवस गेले होते. आणि तिच्या पोटात काही ठरेना. भाकरी ठरेना, आंबील ठरेना, पेज ठरेना. डोळे आत गेले, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. आवडाक्काच्या परड्यात काकडीचा एकच वेल जगला होता. त्याला पहिली काकडी आली, बोटभर, धोंडजीच्या नजरेतून सुटलेली. आवडाक्कानं ती मंजुळेला दिली. मंजुळेनं खाल्ली, आणि ती ठरली. त्या दिवशी तिच्या तोंडावर जरा रंग आला.

मग वेलीला काकड्या लागल्या. आणि मग धोंडजी आला.

आवडाक्का त्या दिवशी ओरडली नाही. हे गावात कुणी पूर्वी पाहिलं नव्हतं. ती वेलीच्या आडवी उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "धोंडजी, बाबा, एक सोड. पोटुशी पोर हाय घरात. दुसरं काय ठरत न्हाई तिला."

"आक्का, माझ्या हातात काय हाय? डबी गढीची, चुना गढीचा."

"आणि हात कुणाचा?"

धोंडजीनं डबी उघडली. ठिपके त्यानं लावले. एकूण एक काकडीवर लावले.

दोन-चार दिवसांनी दुपारी मंजुळा परड्यात गेली. पानाखाली हात घालून तिनं एक काकडी नुसती चाचपली. तोडली नाही, नुसती धरली. आवडाक्कानं ते पाहिलं आणि तिच्या डोळ्यांपुढं गुरवाची म्हैस आली, पडलेला मांडव आला. ती धावत गेली आणि तिनं मंजुळेच्या हातावर चापट मारली. "हात लावू नगंस! दिसत न्हाई का चुना?" मंजुळेनं हात मागं घेतला. म्हणाली, "चुकलं आत्याबाई." आणि घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली.

काकड्या भरल्या तेव्हा आवडाक्कानं त्या तोडल्या, केळीच्या सोपटानं त्यांची जुडी बांधली, आणि स्वतः गढीवर नेऊन दिली. तिला वाटलं, दारात उभं राहून विचारावं, एखादी परत देतील. पाटी घेणाऱ्यानं पाटी घेतली आणि दार लावलं.

भादव्यात, दिवस भरायच्या आतच, मंजुळा अडली. शिदूला गढीवरून सोडलं नाही. त्या दिवशी इनामदारांच्या पाहुण्यांना घोडी फिरवायची होती. सुईण आली. भर दुपारी मुलगी झाली. सगळे अवयव नीट, डोक्यावर काळंभोर जावळ. पण ती रडली नाही. सुईणीनं उलटी केली, थोपटली, तोंडात फुंकलं. ती रडलीच नाही.

आवडाक्कानं नातीला स्वतःच्या हातानं पुरलं. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. घरी आली तर मंजुळा तापानं फणफणलेली. सुईण म्हणाली, अंग शेकायला एरंडाची पानं हवीत. त्या सुक्या साली हिरवा एरंड एकाच ठिकाणी उरला होता, गढीच्या मागच्या बाजूला, उकिरड्यापाशी. आवडाक्का तिकडं गेली.

आणि तिथं तिनं ते पाहिलं.

उकिरड्यावर गावाचा पहिला तोडा पडला होता. सगळ्या गावाचा. दोडकी होती, पडवळं होती, घेवड्याच्या शेंगांचे ढीग होते, सुताराच्या घरच्या मोठ्या पपया होत्या, फुटून मुंग्या लागलेल्या. सगळं काळं पडलं होतं, पाणी सुटलं होतं, माश्या घोंगावत होत्या. फळं कुजली होती. चुन्याचे ठिपके तेवढे पांढरेफेक होते. आणि एका बाजूला काकड्यांची जुडी होती. केळीच्या सोपटानं बांधलेली. कुणी ती खाल्ली नव्हती, चिरली नव्हती, साधी सोडलीही नव्हती. आवडाक्कानं मारलेली गाठ तशीच्या तशी होती.

असं म्हणतात, की त्या घडीला एरंडाची पानं वारा नसताना थरथरली आणि उकिरड्यावरच्या माश्या एकदम उडून गेल्या.

आवडाक्कानं एरंडाची पानं तोडली. आधी घरी आली, मंजुळेला शेक दिला, तिच्या अंगावर वाकळ घातली. मग पाटी घेतली आणि पुन्हा उकिरड्यावर गेली. दोन्ही हातांनी तो कुजलेला तोडा तिनं पाटीत भरला. रस तिच्या कोपरांवरून गळत होता. पाटी डोक्यावर घेऊन ती गावात आली, उन्हात, सगळ्यांच्या देखत, आणि दारोदार थांबायला लागली.

"सुतारणी, भाईर ये! ही बघ तुझी पपई. तुझ्या पोरांनी साल तरी चाटली का हिची?"

"गुरवाच्या सुनं, ये की भाईर. ह्या दोडक्यासाठी म्हस गेली तुझी. बघ, खाल्लाय का कुणी?"

बायका दारात आल्या. कुणी तोंडाला पदर लावला, कुणी रडायला लागली. म्हातारा पाटील पुढं आला आणि हात जोडून म्हणाला, "आक्का, दुःख हाय तुला, कळतंय आम्हाला. पर हळू बोल. वर ऐकू जाईल."

तेव्हा आवडाक्का त्याच्यावर अशी उसळली, की तो दोन पावलं मागं सरला. "ऐकू जाऊ दे! इतकी वर्सं हळूच बोलतोय आपण. तुम्ही हळू बोललात, आणि मी मोठ्यानं बोलले, पर दिलं की आपण सगळ्यांनी! मी माझ्या हातानं बांधून दिली ही जुडी. माझ्या सुनंच्या हातावर चापट मारून दिली. कुणासाठी? ह्या किड्यांसाठी! मला भ्या कशाचं वाटत हुतं? एका म्हशीचं?" आणि असं म्हणतात, की बोलता बोलता तिनं तोच हात, ज्या हातानं चापट मारली तो, जोत्याच्या दगडावर इतक्या जोरात आपटला, की दगड तडकला. सुतारांच्या जुन्या जोत्यावर ती भेग अजून दाखवतात.

मग ती टेकाड चढली. आणि या खेपेला तिच्या मागं गाव होतं. पुढं यायची कुणाची छाती नव्हती, पण मागं होतं.

जिवाजीराव ढेलजेत, गढीच्या दारालगतच्या बैठकीत, तक्क्याला टेकून बसला होता, पाहुण्यांबरोबर पान खात. वय फार नव्हतं. अंगानं गुबगुबीत, बोटांत अंगठ्या. आवडाक्कानं पाटी त्याच्यापुढं उपडी केली. घाण सगळ्या फरशीवर पसरली. पाहुण्यांनी धोतरं सावरली.

"हे का फेकलंस?" तिनं विचारलं. सरकार नाही, धनी नाही. एकेरी.

जिवाजीरावाला आधी राग आला नाही, गंमत वाटली. तो म्हणाला, "म्हातारे, आमच्या घरी भाजीला तोटा आहे असं वाटलं का तुला? पहिला तोडा हा आमचा मान आहे. मान खायचा नसतो. मान घ्यायचा असतो."

आवडाक्काच्या तोंडात हजार शिव्या होत्या, सगळ्या आयुष्यभराच्या साठवलेल्या. पण त्या दिवशी त्यातली एकही तिच्या जिभेवर आली नाही. राग पहिल्यांदा तोंडातून वाहून न जाता खाली उतरला, छातीत उतरला, पोटात उतरला, आणि तिथं जाऊन बसला.

"भुकेनं खाल्ली असतीस," ती म्हणाली, "तर तुला मी काय बोलले नसते. भूक भूक असती. पर तुला भूक न्हवती. तुला भूक न्हवती, आणि तू माझ्या सुनंच्या तोंडातनं काढून घेतलीस. तर ऐक. आजपास्नं या गावातल्या कुठल्याबी परड्यातलं पान असू दे, शेंग असू दे, फळ असू दे, ज्याला भूक न्हाई त्याच्या तोंडात ते कडू हुईल. मग तो इनामदार असू दे, न्हाईतर देव."

जिवाजीराव खो खो हसला. पाहुणेही हसले. तिला हाकलून दिलं. आणि त्यानं हुकूम सोडला, की उद्या सकाळी गढीची सगळी घोडी या बाईच्या परड्यात सोडायची. पाला राहता कामा नये. घोडी नेणार कोण? तर तिचाच मुलगा, शिदू. तसंच सांगितलं होतं, मुद्दाम.

सकाळी शिदू घोडी घेऊन दारात आला. त्याला तोंड वर करवेना. कासरे हातात घेऊन तो कुडाबाहेर उभा राहिला आणि रडायला लागला. मागं गढीची माणसं काठ्या घेऊन उभी. आवडाक्का बाहेर आली. तिनं घोड्यांकडं पाहिलं. दुष्काळातली घोडी ती. पाहुण्यांसाठी पळवलेली, पण पोटं खपाटीला गेलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा.

"सोड रं," ती म्हणाली.

"आई..."

"सोड म्हणते ना! त्यांनी काय केलंय? मुकी बापडी उपाशी हायती." आणि तिनं स्वतःच कुडाचं झापं उघडलं. घोडी आत शिरली. वेल गेला, घेवडा गेला, अळू गेलं, वांग्याची रोपं गेली. आयुष्यभराचं परडं डोळ्यांदेखत गेलं. आवडाक्का मधोमध उभी राहून घोड्यांच्या मानेवर हात फिरवत होती आणि दात ओठ खात म्हणत होती, "खावा. तुम्हास्नी भूक हाय. खावा." असं म्हणतात, की घोड्यांनी एक पान ठेवलं नाही, आणि एकाही घोड्यानं तोंड वाकडं केलं नाही. उंचावरचा पेरू आणि शेवगा तेवढे उरले. शिदूनं तिथंच कासरे खाली टाकले. तो परत गढीवर गेला नाही.

त्याच दिवशी गढीवर जेवणं झाली. जिवाजीरावानं दोडक्याच्या भाजीचा पहिला घास घेतला आणि थुंकला. कडू जहर. आचाऱ्याला बोलावलं. आचारी सकाळपासून चुलीपुढं उपाशी, त्यानं चाखून पाहिली, म्हणाला, "सरकार, गोड हाय की." त्याला फटके बसले. दुसऱ्या आचाऱ्यानं तुपात परतली, गूळ घातला. जिवाजीरावाला कडूच. मग केळं आणलं, कडू. पपई आणली, कडू. कोथिंबिरीचं एक पान आमटीत पडलं, तर सगळी आमटी कडू. झाडणारणीनं ती उष्टी आमटी घरी नेली. तिची पोरं बोटं चाटत बसली.

दुसऱ्या गावाहून भाजी आणली, तर पाणदऱ्याची शीव ओलांडली की तीही कडवटायची, असंही म्हणतात. तेवढं खरं की नाही, देव जाणे. पण जिवाजीराव मागं हटेना. मटण होतं, दूध होतं, भात होता, खवा होता. तो त्यावरच राहिला आणि पोट कधी रिकामं पडू दिलं नाही. गाव आमच्यापुढं वाकेल, आम्ही नाही, असं म्हणत राहिला.

दिवाळी झाली. थंडी पडली. जिवाजीरावाच्या हिरड्या सुजल्या. त्यातून रक्त यायला लागलं. दात हलायला लागले, अंगावर काळेनिळे डाग उठले, पायांत गोळे यायला लागले. वैद्य आला. त्यानं जीभ पाहिली, डोळे पाहिले आणि सांगितलं, "ताजं हिरवं खा, आंबटगोड फळ खा. दुसरं औषध नाही." मोठी शिक्षाच होती ती. पुढं त्याला मटण चावेना, दूध जिरेना, भात घशाखाली उतरेना. गढीत सगळं भरलेलं होतं, आणि तो वाळत गेला. अंगठ्या बोटांतून गळून पडायला लागल्या.

माघ महिन्यात एका दुपारी लोकांनी पाहिलं, की जिवाजीराव टेकाड उतरून चालत येतोय. मेणा नाही, शिपाई नाही, हातात काठी. तो आवडाक्काच्या कुडाशी येऊन उभा राहिला. पेरूचं झाड पिकलेल्या फळांनी वाकलं होतं आणि वास सगळ्या आळीत भरला होता.

आवडाक्का परड्यात नवे वाफे करत होती. तिनं मान वर केली. खोबणीत गेलेले डोळे, सुकलेले ओठ, फळावर खिळलेली नजर. हे तोंड तिनं पूर्वी पाहिलं होतं, आपल्याच घरात, भिंतीकडं वळलेलं. भुकेलं तोंड सगळ्यांचं सारखंच दिसतं, याचा तिला भयंकर राग आला. हातातलं खुरपं तिनं इतकं घट्ट धरलं, की लोकांना वाटलं, आता फेकून मारते.

"भूक लागलीया?" तिनं विचारलं.

"हो," तो म्हणाला. एवढंच.

तिनं मागं वळून पाहिलं. मंजुळा दारात येऊन उभी होती. अजून अशक्तच होती, चौकटीला धरून. आवडाक्का म्हणाली, "तू सांग. तू न्हाई म्हटलीस तर ह्यो हितंच पडून मेला तरी मी देणार न्हाई."

सगळं गाव कुडाला चिकटून उभं होतं. मंजुळा म्हणाली, "द्या आत्याबाई. भूक हाय त्याला. पर माझ्या डोळ्यांपुढं खाऊ दे. शेवटपातुर."

आवडाक्कानं पेरू तोडला आणि त्याच्या ओंजळीत टाकला. जिवाजीरावानं तो खाल्ला. हलत्या दातांनी, रक्ताळलेल्या हिरड्यांनी, बियांसकट, देठासकट. मंजुळा पापणी न लवता बघत राहिली. पेरू गोड होता. इतका गोड, की तो मोठा माणूस कुडाला धरून मुलासारखा हमसायला लागला. आणि खाली वाकून तो आवडाक्काचे पाय धरायला गेला.

तिनं पाय मागं घेतले.

"माफी मागू नगंस," ती म्हणाली. "भूक हुती म्हणून दिलं. दिलं म्हंजी माफ केलं न्हवं. माफी माझ्याकडं न्हाईच. ती जिच्याकडं हुती, ती रडलीबी न्हाई. उद्या भूक लागली तर ये, उद्याबी दीन. रोज ये, रोज दीन. पर माफी मागितलीस तर खुरपं घालीन डोक्यात."

असं म्हणतात, की तो रोज आला. रोज टेकाड उतरून, चालत, आणि रोज कुडाशी उभा राहून खाऊन गेला. त्याचे दात धरले, अंगावरचे डाग गेले. आवडाक्का रोज द्यायची आणि रोज त्याच्याकडं पाठ फिरवायची. गढीनं पहिला तोडा मागायचं सोडलं. धोंडजीनं डबी ओढ्यात फेकली, आणि पुढं तो लोकांच्या झाडांना आळी खणून द्यायला लागला. ते सगळं झालं. पण आवडाक्काचा राग गेला नाही. लोकांना वाटलं होतं, आता म्हातारी शांत होईल, गोड बोलेल. छे. ती म्हणायची, "राग घालवायला काय झालंय? नात आली का माघारी?"

पुढं दोन-तीन सालांनी मंजुळेला पुन्हा दिवस गेले. गावातल्या बायकांना हे कळायचा अवकाश, त्या सालचा पहिला तोडा जिच्या तिच्या परड्यातून निघाला आणि आवडाक्काच्या दारात आला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. काकड्या आल्या, भेंडी आली, गुरवाच्या सुनेनं दोडकी आणली, सुतारणीनं पपया आणल्या. ओसरीवर पाय ठेवायला जागा राहिली नाही. बायकांना वाटलं, आक्काचे डोळे भरून येतील. आवडाक्का दारात येऊन कडाडली, "अक्कल गहाण ठेवलीया का? एवढं एकटी खाईल का ती? ह्याचाबी उकिरडा करायचाय? त्या कुंभाराची सून पोटुशी हाय, तिच्याकडं कोण गेलं? महारवाड्यातली बाळंतीण नुसती पेज पितीया, तिच्याकडं कोण गेलं? व्हा चालत्या!" आणि बायका पाट्या उचलून पळाल्या, हसत, रडत, गावभर. कुंभारवाड्यात गेल्या, महारवाड्यात गेल्या, जिथं कधी कुणाचा वानवळा पोचला नव्हता तिथं गेल्या.

मंजुळेला मुलगा झाला. तो असा रडला, की टेकाडावर ऐकू गेलं.

आवडाक्का खूप म्हातारी होऊन गेली, परड्यातच, शेवग्याखाली. तिचं देऊळ बांधायचं गावानं ठरवलं होतं, पण असं म्हणतात, की पायाचा दगड बसवायला गेलं की तो उपटून यायचा. शेवटी लोक म्हणाले, आक्काला नको असणार. तिला दगड नको, शेंदूर नको.

पण पाणदऱ्यात अजून पहिला तोडा घरात शिजत नाही, देवालाही जात नाही. तो पोटुशी बाईला जातो, नाहीतर बाळंतिणीला, ती कुणाचीही असो. देणारीनं "घे आणि खा" एवढंच म्हणायचं, आणि ती पहिला घास घेईपर्यंत समोरून हलायचं नाही. आणि पाणदऱ्यात पंगतीला आग्रह करत नाहीत. वाढणारा आधी विचारतो, "भूक हाय का?" बाहेरच्या पाहुण्याला हे उर्मट वाटतं. वाटू दे.

आता गाव पांगलंय. पुण्याला, मुंबईला, कुठं कुठं. गॅलरीत कुंड्या ठेवतात, त्यात मिरची लावतात, टोमॅटो लावतात. पण पाणदऱ्याच्या बाईच्या कुंडीला पहिले टोमॅटो लागले, की ती बिल्डिंगमध्ये विचारत फिरते, कुणाला दिवस गेलेत का. आणि सापडली, की तिच्या दाराची बेल वाजवते. ती बिचारी पोर दार उघडते, गोंधळते, टोमॅटो हातात घेते आणि म्हणते, "अय्या, थँक्यू काकू, फ्रिजमध्ये ठेवते."

तेव्हा पाणदऱ्याची बाई, एरवी कितीही मवाळ असो, कपाळाला आठ्या घालते आणि जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "ठेवायचा नाही. खा. माझ्यासमोर खा."